चार तळहातांवरचा संसार

'बर्फ' हा शब्द आपल्या भाषेत मोठ्या सुखाने नांदतो. तो उच्चारला की शाळेच्या फाटकाशी उभी असलेली गोळेवाल्याची गाडी आठवते. गोणपाटात गुंडाळलेली, भुशात लोळवलेली ती थोरली लादी आठवते. रंध्यावरचा तो खर्र् खर्र् आवाज आठवतो, आणि काडीला चिकटलेला लालजर्द गोळा चोखताना मनगटावरून कोपरापर्यंत पोचलेले ओघळ आठवतात. उसाच्या रसात बर्फ, लग्नघरी पाण्याच्या पिंपात बर्फ, आणि ताप चढला तर कपाळावर बर्फाची पिशवी. बर्फ म्हणजे चैन. फार तर औषध. तो विकत आणावा लागतो आणि घरी आणीपर्यंत निम्मा वितळून जातो. त्याची भीती वाटावी इतका तो आपल्याकडे कोणाच्याच वाट्याला येत नाही.

मी १९९७ च्या शरदात माँट्रियलला आलो. या शहरात बर्फ विकत घ्यावा लागत नाही. वर्षाकाठी सरासरीने दोन मीटर तो आकाशातून घरपोच येतो. म्हणजे एका हिवाळ्यात पडलेला सगळा एकावर एक रचून ठेवला, तर आमच्या दाराच्या चौकटीला टेकेल. साहजिकच इथल्या फ्रेंच भाषेला एका शब्दावर भागवता येत नाही. कापसासारखा भुरभुरत येतो तो 'नेज'. पाणी गोठून होतो तो 'ग्लास'. वाऱ्याने शेतांवरून धुरळ्यासारखा उधळतो ती 'पूद्ररी'. मीठ आणि चाके यांनी तुडवून झालेला राडा म्हणजे 'स्लॉश'. आणि या सर्वांचा बाप 'व्हेर्ग्ला'. हा खाली येताना पाऊस असतो आणि जमिनीला टेकल्याक्षणी काच होतो. आपण नाही का पावसाला सर, झड, भुरभुर, वळीव अशी निरनिराळी नावे देत? ज्याच्याशी जन्मभर संसार करायचा, त्याला नावे ठेवल्यावाचून माणसाला करमत नाही, हेच खरे.

व्हेर्ग्लाची आणि माझी ओळख पहिल्याच हिवाळ्यात झाली. १९९८ च्या जानेवारीत ५ तारखेपासून सहा दिवस तो थांबून थांबून पडत राहिला. विजेचे पोलादी मनोरे अंगावरच्या ओझ्याने गुडघ्यात वाकले. क्विबेक प्रांतातल्या सुमारे १४ लाख ग्राहकांची वीज गेली आणि काही गावांत ती महिनाभर आली नाही. झाडाची प्रत्येक डहाळी काचेच्या नळीत घातल्यासारखी दिसे. उन्हाचा एखादा किरण पडला की सारे शहर झुंबरासारखे लखलखायचे. इतके सुंदर आणि इतके दुष्ट असे काही मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

अशा मुलखात आमच्या कुटुंबाची मोटार आहे ती अगदी साधी, चार दारांची, मागे डिकी असलेली, २०१४ सालची टोयोटा कोरोला. तिच्यात ऐट म्हणून नाही. जमिनीपासून तिचे पोट वीतभरही उंच नाही. वजन सुमारे तेराशे किलो. इंजिन पुढे आणि ओढणारी चाकेही पुढचीच, त्यामुळे इंजिनाचा भार नेमका ओढणाऱ्या चाकांवर पडतो. बर्फातून हलताना हा एक गुण तिच्या बाजूचा. पूर्वीच्या मागच्या चाकांनी ढकलणाऱ्या गाड्यांचे मालक हिवाळ्यात डिकीत वाळूची पोती ठेवून फिरत. आमच्या गाडीला त्याची गरज नाही. डिकीत पोते नसते. काय असते ते पुढे सांगेनच.

दसऱ्याला आम्ही तिला झेंडूची माळ घालतो. झेंडू अंगणातलाच, पहिल्या हिमकणांनी करपण्याआधी खुडून ठेवलेला. आणि दिवाळीच्या सुमारास तिची पादत्राणे बदलतो. फराळाची तयारी आणि टायरची अदलाबदल या दोन गोष्टी आमच्या घरी एकाच पंधरवड्यात येतात. त्यामुळे एकीकडे चकलीच्या भाजणीचा खमंग वास आणि दुसरीकडे माझ्या हातांना रबराचा, असा घोटाळा दर वर्षी ठरलेला. या प्रांतात हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. २००८ च्या डिसेंबरात हा कायदा लागू झाला तेव्हा १५ डिसेंबर ते १५ मार्च अशी मुदत होती. २०१९ पासून ती १ डिसेंबरलाच सुरू होते.

तुम्ही म्हणाल, टायरचे एवढे काय स्तोम? पण एक गोष्ट लक्षात घ्या. मोटार कितीही मोठी असो, ती जमिनीला टेकलेली असते फक्त चार ठिकाणी. आणि प्रत्येक ठिकाणची जागा साधारण तळहाताएवढी. तेराशे किलोची गाडी, तिच्यातली चार माणसे, मागच्या बाकावर झोपी गेलेले मूल, डिकीतले सामान, हा सगळा संसार त्या चार तळहातांवर तोललेला असतो. पारा सात अंशांच्या खाली गेला की नेहमीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते. कडक रबर बर्फावरून नुसते सरकते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहील असे घडवलेले असते आणि त्याच्या अंगावर बारीक बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फाला नखांसारख्या धरतात. म्हणजे थंडीत ज्याचा हात मऊ राहतो, त्याचीच पकड टिकते! बरे, हे टायर चारही चाकांना हवेत. केवळ पुढे घालून पैसे वाचवावेत म्हटले, तर पुढची चाके रस्ता धरतात आणि मागची सोडतात. मग गाडीचे तोंड आले त्या दिशेला वळते.

हे सर्व एरवी माझ्या एकट्याच्या हौसेत जमा झाले असते. पण दोन वर्षांपूर्वी आमची धाकटी लेक परिचारिका झाली आणि तिला शेरब्रुकच्या एका रुग्णालयात काम मिळाले. शेरब्रुक आमच्यापासून दीडशे किलोमीटर. तिथे खोली घेऊन राहायचे आणि सुटीला घरी यायचे, असे ठरले. जाण्यायेण्यासाठी तिने गाडी मागितली.

घरात त्या संध्याकाळी जे झाले त्याला संभाषण म्हणणे धाडसाचे होईल.

"अहो, त्या बसक्या गाडीतून पोरीला बर्फात पाठवणार?" ही म्हणाली. "समोरच्यांनी बघा कशी उंच घेतलीय. चारही चाकांना जोर असलेली. तशी घ्या, नाहीतर तिला बसने जाऊ दे."

"आई, रात्रपाळी संपल्यावर बस कुठली?" लेक म्हणाली.

मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. बायकोशी वाद घालायचा तर आकड्यांच्या आडोशाने घालावा, हा माझा शिरस्ता आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक दाबल्यापासून सुमारे १४ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या हिमावर तिला ४० मीटर लागतात. आणि निव्वळ बर्फावर १००. आता चार चाकांचा जोर असलेल्या गाडीला किती लागतात? तेवढेच. कारण जोर दोन चाकांना असो की चारांना, तो निघण्यासाठी. थांबण्यासाठी ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतातच. उंच गाडी बर्फातून सहज निघते, आणि त्या सहजतेमुळे चालवणाऱ्याला वाटते की थांबणेही तितकेच सहज असेल. घसरणारी साधी गाडी निदान निघतानाच सांगते, की बाई, आज रस्ता बरा नाही.

हिने कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलेले नाही याची खात्री केली, आणि म्हणाली, "मग वेग निम्मा केला तर?"

तिचा प्रश्न माझ्या साऱ्या हिशेबापेक्षा मोलाचा होता. वेग निम्मा केला तर अंतर निम्मे होत नाही, पाव होते. शंभराचे पंचवीस मीटर होतात. बर्फाच्या रस्त्यावर माणसाच्या हाती असलेला सर्वांत मोठा ब्रेक त्याच्या पायाखाली नसून घड्याळात असतो. अर्धा तास आधी निघणे हाच तो ब्रेक.

वाद तिथे मिटला नाही. तो शेजारच्या आजोबांनी मिटवला. हे आजोबा मूळचे शेरब्रुककडच्याच एका खेड्यातले, पंचाऐंशीच्या घरातले. दर हिमवर्षावानंतर आपले फावडे घेऊन अंगणात येतात आणि माझ्या फावडे धरण्याच्या पद्धतीकडे करुणेने पाहतात. ते म्हणाले, "माझ्या लहानपणी नोव्हेंबर आला की वडील मोटार कोठीत लाकडाच्या ठोकळ्यांवर चढवून ठेवीत. ती एप्रिलात खाली उतरे. मधले पाच महिने घोडा आणि घसरगाडी. कोणी आजारी पडले, तर देवाचे नाव."

त्यांनी मग त्या भागात सर्वांना ठाऊक असलेली हकीकत सांगितली. व्हालकूर नावाच्या गावी जोझेफ-आर्मां बोंबार्दिए हा एक तरुण मोटार-दुरुस्तीचा धंदा करी. १९३४ च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाच्या आंत्रपुच्छाला सूज आली आणि पोटात विष पसरले. रुग्णालय होते ते पन्नासेक किलोमीटरवर, शेरब्रुकला. रस्ते बर्फाने बुजलेले. कारागिराच्या हाती अवजारे होती, घरी यंत्रे होती. पण बर्फावरून जाईल असे एकही वाहन चालू स्थितीत नव्हते. मूल गेले. त्या बापाने पुढे रबरी पट्ट्यांवर चालणारी, पुढे स्की लावलेली, सात माणसांना नेणारी गाडी बनवली. १९३७ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. अशा गाड्यांतून डॉक्टर फिरले, टपाल गेले, मुले शाळेत गेली. १९४८ मध्ये सरकारने खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात साफ ठेवायचे ठरवले, आणि त्याच्या मोठ्या गाड्यांची मागणी एकदम उतरली. कोठीतल्या मोटारी ठोकळ्यांवरून खाली आल्या.

"तुमची गाडी बर्फावर चालते असे तुम्ही म्हणता," आजोबा म्हणाले, "ती चालते रात्री कोणीतरी साफ केलेल्या रस्त्यावर."

हे मात्र अगदी खरे. माँट्रियलमध्ये बर्फ पडून गेला की रात्री गल्लीत भोंगे वाजू लागतात. ज्याची गाडी रस्त्याकडेला उभी असेल त्याने ती हलवावी, नाहीतर ओढून नेली जाईल, अशी ती सूचना. मग एकामागून एक यंत्रांची वरात निघते. मोठे पाते बर्फ ओढून कडेला रांग घालते. मागून बर्फ फुंकणारे यंत्र ती रांग गिळते आणि उंच नळीतून शेजारी चालणाऱ्या मालमोटारीत फेकते. हे यंत्रही इथलेच. आर्त्यूर सिकार याने १९२५ मध्ये ते तयार केले आणि पहिले १९२७ मध्ये याच शहराला लागून असलेल्या उत्रमों गावाला विकले. गोळा केलेला बर्फ दगडाच्या जुन्या खाणीत नेऊन ओततात. तो डोंगर वितळायला उन्हाळाही कधी कधी अपुरा पडतो. त्यानंतर मिठाच्या गाड्या येतात. मिठाने बर्फाचा गोठणबिंदू खाली येतो; मात्र कडाक्याची थंडी पडली की मीठही हात टेकते, आणि मग बारीक खडी टाकतात. सकाळी आपण गाडीत बसतो तेव्हा या सर्वांच्या जागरणावर बसतो.

आजोबांची कथा ऐकल्यावर ही बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याच शेरब्रुकच्या रुग्णालयात आपली पोर जाणार. कोणाची तरी मुले तिथे आणलेली असतील." गाडी कोणती हा प्रश्न तिने त्यानंतर काढला नाही. "मात्र," ती मला म्हणाली, "तिला नीट शिकवा."

मला स्वतःला हे कोणी शिकवले, असे विचाराल तर मी माझ्या मामांचे नाव सांगेन. ते एस. टी. त ड्रायव्हर होते. महाड-भोर मार्गावर वरंध घाटातून त्यांनी कित्येक पावसाळे गाडी काढली. त्यांनी जन्मात बर्फ पाहिला तो सरबतातला. पण पहिला पाऊस पडला की ते म्हणत, "आज गाडी सांभाळून हाकायची. वर्षभराचे तेल आणि धूळ आज पाण्यावर तरंगते." घाट ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा त्यांचा नियम. "ब्रेकवर सगळा भार टाकू नये. इंजिनालाही थोडे धरू द्यावे." आणि मी शेजारी बसून वळणाच्या बाहेर खोल दरीकडे पाहत असलो की म्हणत, "अरे, तिकडे बघू नकोस. गाडी डोळ्यांमागे जाते." मामांचे हे तीन नियम कॅनडाच्या बर्फात जसेच्या तसे लागू पडतात. घाटाची निसरड आणि इथली निसरड एकाच आईच्या लेकी आहेत.

पहिला बर्फ पडल्यावर एका रविवारी पहाटे मी लेकीला एका बाजारसंकुलाच्या रिकाम्या, अफाट वाहनतळावर घेऊन गेलो. आधी गाडी साफ करण्याचा धडा. टपावरचा बर्फ खरवडायचा, कारण तो तसाच ठेवला तर ब्रेक दाबताच पुढच्या काचेवर कोसळतो, नाहीतर मागच्याच्या काचेवर उडतो. दिवे पुसायचे. टायरमधली हवा पाहायची. पारा पाच-सहा अंश उतरला की दाब एकेका पौंडाने उतरतो. आणि कुठे अडकून इंजिन चालू ठेवून बसायची वेळ आली, तर आधी उतरून धुराच्या नळीभोवतीचा बर्फ हाताने मोकळा करायचा. ती नळी बुजली तर विषारी वायू गाडीत येतो आणि त्याला वास नसतो. हे मी तिला तीनदा सांगितले. चौथ्यांदा तिने मला सांगितले.

मग गाडी हाकणे. "जोरात ब्रेक दाब," मी म्हणालो. तिने दाबला. पायाखाली कडकड, थरथर झाली, आणि ती दचकली. मी म्हणालो, "घाबरू नकोस. चाके जाम होऊ नयेत म्हणून गाडी स्वतःच ब्रेक धरते-सोडते आहे. पाय काढू नकोस, हातांनी वळव." तिने वळवली आणि गाडी वळली. ही सोय नव्हती तेव्हा जाम झालेली चाके कितीही फिरवा, गाडी नाकासमोर सरकत जाई. आता तर गाडी आडवी होऊ लागली की एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सरळ करणारी व्यवस्थाही असते. कॅनडात २०११ च्या सप्टेंबरपासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. पण यंत्रणा कितीही हुशार असली, तरी तिच्याही हाती तेच चार तळहात. रबराची पकडच संपली, तर हुशारी धरणार कशाला?

"तळहाताला एका वेळी एकच काम सांगायचे," मी म्हणालो. "आधी वेग कमी कर. मग वळव. वळून झाल्यावर पुन्हा जोर दे. तिन्ही एकदम मागितलेस तर तो तिन्ही सोडून देईल." पुढची चाके सरकली तर जोर काढायचा आणि स्टेअरिंग थोडे सैल करायचे. मागची सरकली तर जिथे जायचे तिथे पाहायचे आणि तिकडेच हात न्यायचे. ती गोल गोल घसरत, हसत, किंचाळत शिकली. तिसऱ्या रविवारी ती हसेनाशी झाली आणि शांतपणे गाडी नेऊ लागली. तेव्हा मी ओळखले, आता येते हिला.

एक धडा मात्र वाहनतळावर देता येत नाही. रस्त्यावर पातळ, पारदर्शक बर्फ जमतो तेव्हा खालचे डांबर दिसतच राहते. रस्ता फक्त ओला वाटतो. हा बर्फ शून्याच्या आसपास सर्वांत निसरडा. उणे वीसच्या कोरड्या थंडीत त्यावर त्या मानाने पकड बरी मिळते. पुलांवर तो आधी जमतो, कारण पुलाला थंडी खालूनही लागते. तो ओळखायचा कसा? मी तिला सांगितले, "पुढच्या गाडीच्या चाकांकडे बघत राहा. रस्ता ओला असला की चाकांमागून तुषार उडतात. रस्ता ओला दिसतो आहे आणि तुषार मात्र उडत नाहीत, असे झाले की समज, ते पाणी राहिलेले नाही."

गेल्या जानेवारीत एका रात्री तिची बारा वाजता रात्रपाळी सुरू होणार होती. ती सातलाच निघाली. हिने नेहमीचे सामान डिकीत भरले: फावडे, घोंगडी, विजेरी, मेणबत्त्या, चाकाखाली टाकायला वाळूची पिशवी, आणि चिवड्याचा डबा. या डब्यावरून मी पूर्वी हसत असे असे नाही; अडकलेल्या माणसाला घोंगडीइतकेच अन्नही लागते, हे इथे सर्वच जण सांगतात. हिची भर एवढीच, की ते अन्न कुरकुरीत असावे.

ती गेली आणि तासाभरात खिडकीवर टकटक सुरू झाली. बारीक, कोरडी, तांदूळ पडावेत तशी. मी रेडिओ लावला. 'व्हेर्ग्ला' हा एकच शब्द पुन्हा पुन्हा. ती तेव्हा सेंट लॉरेन्सवरचा पूल कधीच ओलांडून पलीकडच्या उघड्या शेतांतून चाललेली असणार. तिला फोन करायचा नाही, हे आमचे ठरलेले. गाडी चालवताना तो वाजला तर तिचे लक्ष जाईल. म्हणजे तिच्यासाठी आम्हाला करता येण्यासारखी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे काहीही न करणे. आणि आईबापांना तेवढेच जमत नाही. हिने निवडून ठेवलेली तुरीची डाळ पुन्हा परातीत ओतली आणि निवडायला घेतली. मी नकाशा उघडून त्या रस्त्यावरची गावे मोजत बसलो. डाळीत खडा सापडत नव्हता आणि माझी गावे संपत नव्हती.

साडेआठला फोन वाजला.

"बाबा, मी ग्रॅनबीला उतरले."

"का? काय झालं?"

"काही नाही. पुढच्या ट्रकच्या चाकांमागून पाणी उडायचं थांबलं."

मी खुर्चीवर बसलो. तिने सांगितले ते असे. तुषार थांबलेले दिसताच तिने जोर काढला, ब्रेकला पाय लावला नाही, ट्रकला पुढे जाऊ दिले. बाहेर पडायची वाट आली तेव्हा वेग इतका उतरला होता की तिला मागच्यांची लाज वाटली. ती एका कॉफीच्या दुकानासमोर गाडी लावून आत बसली होती.

"आणि ड्यूटी?" हिने माझ्या हातातून फोन घेत विचारले.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "कळवलंय गं वॉर्डात. संध्याकाळच्या पाळीची बाई थांबतेय माझ्यासाठी. तिचं मूल लहान आहे घरी. ती म्हणाली, तू सावकाश ये. आई, मला कसंसंच होतंय."

हिला एरवी शब्दांची टंचाई नसते. त्या रात्री ती एवढेच म्हणाली, "तिचे उपकार फेड. पण तिथून आत्ता हलू नकोस."

मिठाच्या गाड्या रात्री उशिरा त्या रस्त्यावरून गेल्या. त्यांच्या मागून आमची लेक निघाली आणि अडीच वाजता वॉर्डात हजर झाली. पुढच्या महिन्यात त्या बाईच्या मुलाच्या वाढदिवशी तिची संध्याकाळची पाळी आमच्या लेकीने केली. चिवड्याचा डबा कॉफीच्या दुकानात अडकलेल्या चार ट्रकवाल्यांबरोबर संपला. हिच्या दृष्टीने त्या रात्रीची ही सर्वांत समाधानाची बातमी.

कोणी मला विचारतात, तुमची ती साधी गाडी बर्फात कशी काय चालते हो? मी सांगतो, बरी चालते. टायर चांगले असले, रस्ता कोणी साफ केलेला असला, हाकणाऱ्याचा हात हलका असला, आणि घरून वेळेवर निघाले, तर फार बरी चालते. तिच्या पोटापेक्षा वर बर्फ आला की ती चालत नाही. तेव्हा तिला घरीच ठेवतो. व्हेर्ग्ला पडला की तीही चालत नाही आणि समोरच्यांची उंच गाडीही चालत नाही. गाडीच्या गुणांची यादी करताना लोक ती किती वेगाने निघते ते सांगतात. माझ्या यादीत पहिला गुण हा, की त्या रात्री ती ग्रॅनबीला दिव्याखाली निमूट उभी राहिली.

मिठाने आता तिचे चाकांवरचे पत्रे खायला सुरुवात केली आहे. हिवाळाभर मी तिला खालून धुतो, पण मिठाशी कोण पुरे पडणार? यंदा टायरही झिजले होते. नवे चार टायर लेकीने आपल्या पगारातून घेतले. मला पैसे देऊ दिले नाहीत. दिवाळीच्या आदल्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून ते चढवले. नट तिने आवळले, मी फक्त दिवा धरला. भाऊबीज झाली की ती शेरब्रुकला परत जाईल. पूर्वी माणूस परगावी निघाला की घरचे म्हणत, पोचल्याचे पत्र टाक. पत्र यायला आठवडा लागे, आणि तो आठवडा घर अर्धवट श्वासात काढी. आता दोन तासांनी फोनच्या काचेवर एकच शब्द उमटतो: 'पोचले.' तो वाचून झाल्यावर ही दिवा मालवते, आणि मग आम्ही झोपतो.